पोर हरवलं किंवा दगावलं तर कुणी, कुठं आणि किती वेळात कळवायचं : बेळगाव सीमाभागातल्या घरांसाठी

खानापूर तालुक्यातल्या एका गावात स्त्रीशक्ती संघाच्या बैठकीत एका बाईनं विचारलेला प्रश्न आहे, तिथूनच सुरू करते. तिच्या नणंदेची दोन पोरं तिच्याकडं शाळेला आहेत, आईबाप गोव्यात कामाला. ती म्हणाली, "ताई, उद्या त्यातलं एखादं पोर कुठं गेलं, काय झालं, तर कायद्यानं मी कोण? पोलिसात मी जायचं का त्यांचे आईबाप येईपर्यंत थांबायचं?" बैठकीतल्या निम्म्या बायकांचं म्हणणं होतं की आईबापाशिवाय तक्रार घेतच नाहीत. उरलेल्या म्हणाल्या २४ तास थांबावं लागतं. दोन्ही चूक आहे, आणि या दोन चुकांमुळं जो वेळ जातो तो परत मिळत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या भागात पोर आईबापाकडंच असतं असं नाहीच मुळी. कुणी आजोळी असतं, कुणी बेळगावात मावशीकडं राहून हायस्कूल करतं, कुणी सरकारी हॉस्टेलवर, कुणी मठात, कुणी पुण्याच्या काकाकडं. ऊसतोडीच्या हंगामात अथणी, चिकोडी, रायबागकडं बीडवरून आलेल्या टोळ्यांबरोबर लहान लहान पोरं फडात असतात. कायद्याला हे माहीत आहे. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये शब्द असे आहेत की मूल प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे तो जबाबदार, म्हणजे आईबापच पाहिजेत असं नाही, आजी, मामी, वॉर्डन, संस्थेचा चालक, सगळे आले. अशा माणसानं मुलाला मारलं, टाकून दिलं किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याचे हाल होऊ दिले तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि मूल सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसानं तसं केलं तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखापर्यंत दंड. पोर दोन दिवस दिसत नाही आणि सांभाळणारा गप्प बसलाय, याला पुढं काही वाईट निघालं तर जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष म्हणता येतं. त्यामुळं बैठकीतल्या त्या बाईला उत्तर सोपं होतं, पोर तुमच्याकडं आहे म्हणजे पोलिसात जायचं काम पण तुमचं, आईबापाला फोन करायचाच पण तो स्टेशनच्या वाटेवर करायचा.

आता खरं सांगायचं तर "पालकानं मूल हरवल्यावर अमुक तासात कळवलंच पाहिजे" असं एका ओळीत सांगणारं कलम आपल्याकडं नाही. अमेरिकेत काही राज्यांनी असा कायदा केला. फ्लोरिडात २००८ साली दोन वर्षांची एक मुलगी ३१ दिवस दिसत नव्हती आणि घरातून पोलिसांना कुणी कळवलं नव्हतं, शेवटी तिचा मृतदेह मिळाला, पण २०११ मध्ये ज्युरीनं आईला खुनाच्या आरोपातून सोडलं, त्यावर लोक इतके संतापले की त्या मुलीच्या नावानं राज्याराज्यांत कायद्याची मागणी झाली. आपल्याकडं तेच कर्तव्य चार-पाच कायद्यांत विखुरलेलं आहे, थोडं बालन्याय कायद्यात, थोडं पोक्सोत म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, थोडं जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, थोडं जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यात. म्हणून लोकांना वाटतं की असं काही बंधनच नाही. बंधन आहे, फक्त ते कुठून लागू होतं हे तुमचं पोर हरवलंय का दुसऱ्याचं गावलंय, का कुणी दगावलंय, यावर अवलंबून आहे.

पहिलं, स्वतःच्या घरातलं पोर दिसत नाही. २४ तास थांबायचं असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. उलट सुप्रीम कोर्टानं १० मे २०१३ ला, बचपन बचाओ आंदोलनाच्या केसमध्ये, सांगितलं की १८ वर्षांखालचं मूल हरवल्याची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचाच, आणि वेगळं काही सिद्ध होत नाही तोवर मूल पळवलंय किंवा मानवी तस्करी झालीय असं धरूनच तपास सुरू करायचा. नुसती डायरीत नोंद करून "बघू, येईल संध्याकाळपर्यंत" हे चालत नाही. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडं जातो. प्रत्येक स्टेशनला मुलांसाठी नेमलेला एक बालकल्याण पोलीस अधिकारी असतो, त्याचं नाव विचारा, विचारायला लाजू नका.

आपण सीमेवर राहतो त्यामुळं वेळेचा हिशोब आपल्याकडं आणखी कडक आहे. बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवरून बसलेलं पोर दोन-अडीच तासात कोल्हापुरात असतं, रेल्वेत बसलं तर एका बाजूला मिरज आणि दुसऱ्या बाजूला लोंढ्यावरून गोवा, आणि निपाणी ओलांडली की कोगनोळीनंतर पोलीसच वेगळ्या राज्याचे. इथं लोक फार अडकतात. बेळगावात म्हणतात पोर कोल्हापूरच्या बसमध्ये बसलं तर तिकडं जा, तिकडं म्हणतात तुम्ही राहता कर्नाटकात तर तिकडं द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात, समोर जे स्टेशन आहे त्यांनी नोंद करून योग्य स्टेशनला पाठवायची. जबाब लिहून घेतल्यावर तो तुम्हाला वाचून दाखवायचा, मग सही घ्यायची, आणि एफआयआरची कॉपी फुकट द्यायची. आपल्याकडं एफआयआर कन्नडमध्ये असतो, अनेकांना वाचता येत नाही, तर समजेल असं वाचून घ्या, पोराचं वय, कपडे, शेवटचं कधी दिसलं हे बरोबर लिहिलंय का ते विचारा, मगच सही करा. लेखी अर्ज मराठीत द्यायचा असेल तर देता येतो, राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे देशात किंवा राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आहे. पण त्या रात्री भाषेवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका एवढं माझं हात जोडून सांगणं आहे, कन्नड येणारा शेजारी बरोबर न्या, पोर महत्त्वाचं आहे.

नोंद घेतच नाहीत असं झालं तर तेच लेखी स्वरूपात पोस्टानं एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना, पाठवायचं, बेळगाव शहराच्या हद्दीत असाल तर पोलीस कमिशनरना, आणि तिथंही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज. हे सगळं चालू असताना १०९८ ला फोन करा, ती मुलांची हेल्पलाईन आहे, नाहीतर ११२. रेल्वेचा संशय असेल तर १३९. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, बायका आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यांचा नंबर १५१००.

आता ज्या कारणानं घरं सगळ्यात जास्त गप्प बसतात त्यावर बोलते. पीयूसीत म्हणजे अकरावी-बारावीत शिकणारी, १६-१७ वर्षांची मुलगी घरातून गेली. कुणाबरोबर गेली हे घरात सगळ्यांना माहीत असतं किंवा वाटतं तरी. मग पंच बसतात, भाऊबंद गाड्या काढून कोल्हापूर, सांगली, पणजी पालथी घालतात, आणि पोलिसात जायचं नाही असं ठरतं, कारण बोभाटा होईल, उद्या लग्न कसं जमवायचं. मला या आईबापांचा राग येत नाही, त्यांच्यावर गावाचं ओझं किती असतं ते मी बघितलेलं आहे. पण कायद्याच्या नजरेत १८ च्या आत ती मूलच आहे, तिची मर्जी होती का नव्हती हा प्रश्न पळवून नेण्याच्या गुन्ह्यात येत नाही, जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या नव्या भारतीय न्याय संहितेत तर मुलगा असो मुलगी असो दोघांना १८ हेच वय धरलंय. आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार झालाय किंवा होईल असं कुणालाही कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं सक्तीचं आहे. इथं "कुणालाही" म्हणजे खरंच कुणालाही, आई, बाप, शाळेचे मास्तर, डॉक्टर, पंच. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही, आणि मुलीचं नाव, फोटो, गाव छापायला बंदी आहे. ज्या बोभाट्याला घाबरून पोलीस टाळले जातात तो बोभाटा पंचांच्या बैठकीतूनच जास्त होतो, हे पण बघा.

दुसरं, तुम्हाला कुणाचं तरी पोर गावलं. चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत, सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर पौर्णिमेला, इतकी माणसं असतात की हात सुटला की गेलंच. आपली माणसं चांगल्या मनाची असतात, रडणारं पोर दिसलं की घरी आणतात, भाकरी देतात, अंघोळ घालतात, आणि मोबाईलवर फोटो फिरवतात, "ओळखत असाल तर संपर्क साधा". दोन दिवस, चार दिवस असंच. बालन्याय कायद्याचं कलम ३२ सांगतं की हरवलेलं, टाकलेलं किंवा अनाथ वाटणारं मूल ज्यानं ताब्यात घेतलं त्यानं, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत चाइल्डलाइन (तीच १०९८), जवळचं पोलीस स्टेशन, बालकल्याण समिती (अशा मुलांचं पुढं काय करायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) किंवा जिल्हा बाल संरक्षण घटक यातल्या एकाला कळवायचं किंवा नोंदणी असलेल्या बालगृहात पोचवायचं. २४ तासांची गोष्ट खरी आहे ती इथं, आणि ती थांबायची नव्हे तर कळवायची शेवटची वेळ आहे. लोकांच्या डोक्यात हेच उलटं बसलंय. नाही कळवलं तर तो गुन्हा, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हॉस्पिटल, प्रसूतिगृह, संस्था यांनाही हेच लागू. आणि अशा मुलाचा फोटो सरसकट फिरवणं कलम ७४ मध्ये अडकतं, ओळख उघड केल्याबद्दल ६ महिने किंवा २ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपलं हरवलेलं मूल शोधायला आईबाप आणि पोलीस फोटो देतात ते वेगळं. गावलेल्या पोराच्या बाबतीत भीती ही असते की फोटो बघून खोटा बाप पण येऊ शकतो, आणि पोर कुणाच्या हातात द्यायचं हे ठरवायचं काम समितीचं आहे, तुमचं-माझं नाही.

मिरज स्टेशनवर रेल्वे पोलिसांना आपल्याकडचं पोर मिळालं तर ते सांगलीच्या समितीपुढं जातं, तिथून बेळगावच्या समितीकडं पाठवायची सोय कायद्यात आहे. त्यामुळं पोर महाराष्ट्रात मिळालं म्हणून तिथं जाऊन भांडायचं काम नाही, पण तुमचा एफआयआर झालेला असेल तर पोर तुमचंच हे जुळवायला वेळ लागत नाही. एफआयआर नसेल तर तुम्ही कोण, पोर घरातून कधी गेलं, आतापर्यंत का नाही कळवलं, हे सगळं पहिल्यापासून.

तिसरं सगळ्यात जड आहे, पोर दगावलं. यावर कुणी बोलत नाही, आणि वेळ आली की घरातल्या कुणाचं डोकं चालत नाही, म्हणून आधीच माहीत असलेलं बरं.

आजारपणानं, डॉक्टरांच्या उपचारात असताना मूल गेलं तर पोलिसांचा काही संबंध नाही. फक्त मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात गेलं असेल तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी गेलं असेल तर घरच्या कर्त्या माणसाची, हॉस्टेल, धर्मशाळेत असेल तर तिथल्या प्रमुखाची. २१ दिवस चुकले तर ३० दिवसांपर्यंत लेट फी भरून होतं, त्यापुढं एका वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी, वर्ष उलटलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश, म्हणजे चकरा. आणि सीमाभागात एक गोष्ट कायम चुकते, नोंद मृत्यू जिथं झाला तिथंच होते, घर जिथं आहे तिथं नाही. पोराला कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात नेलं आणि तिथं गेलं तर दाखला कोल्हापुरात, बांबोळीच्या दवाखान्यात गेलं तर गोव्यात. इथल्या तलाठ्याकडं नाहीतर पंचायतीत कितीही हेलपाटे मारले तरी तो दाखला निघणार नाही.

पण विहिरीत पडलं, मलप्रभेत, मार्कंडेय नदीत बुडालं, साप चावला, करंट लागला, भाजलं, विषारी औषध पोटात गेलं, रिझल्ट लागल्यावर गळफास घेतला, किंवा रात्री चांगलं होतं आणि सकाळी उठलंच नाही, अशा वेळी आधी पोलीस, मग अंत्यविधी. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४ आहे, फार कमी लोकांना माहीत असलेलं. गावात राहणाऱ्या प्रत्येक माणसाला, परत सांगते प्रत्येक माणसाला, गावात किंवा गावाच्या शिवारात अचानक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू झाला, मृतदेह मिळाला, किंवा मोठा गुन्हा घडलाय असा संशय यावा अशा परिस्थितीत कुणी गावातून नाहीसं झालं, तर ताबडतोब पोलीस स्टेशनला किंवा मॅजिस्ट्रेटला कळवायचं बंधन आहे. फडात ऊसतोडीवाल्यांचं पोर ट्रॅक्टरखाली आलं आणि मुकादम, शेतमालक, ट्रॅक्टरवाला यांनी आपसात मिटवून मातीआड केलं, तर ते "परगावचे लोक, आपल्याला काय" म्हणून सुटत नाहीत. कायद्यानं बंधन असताना माहिती न देणं हा न्याय संहितेच्या कलम २११ चा गुन्हा आहे, साधारण १ महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्ह्याबद्दलची माहिती दाबली असेल तर ६ महिन्यांपर्यंत किंवा १०,००० पर्यंत किंवा दोन्ही. खुनासारख्या गुन्ह्यांबद्दल कळवायचं बंधन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये शहर-गाव सगळ्यांनाच आहे. आणि गुन्हा झालाय हे माहीत असून गुन्हेगाराला वाचवायला पुरावा नाहीसा केला, म्हणजे घाईघाईनं जाळलं-पुरलं, तर न्याय संहितेचं कलम २३८, खुनाचा मामला असेल तर ७ वर्षांपर्यंत.

लोक पोस्टमार्टेमला घाबरतात. लहान जीवाला चिरफाड नको असं आजी रडून सांगते आणि सगळे गप्प होतात. मी हे दुःख कमी लेखत नाही. पण पंचनामा आणि पोस्टमार्टेम झालं म्हणजे घरच्यांवर केस झाली असं नसतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली मृत्यूचं कारण काय एवढाच शोध असतो, कारण नैसर्गिक किंवा अपघाती निघालं तर फाईल तिथंच बंद होते. न कळवता उरकलं आणि सहा महिन्यांनी भावकीतल्या कुणी संशय घेतला तर मग पुरलेलं परत उकरायची वेळ येते, आणि त्याच आजीला ते बघावं लागतं. करंटचा अपघात, रस्त्यावरचा अपघात, यात भरपाई मागायला गेलं की पोलिसांचा कागद आणि पीएम रिपोर्ट आधी मागतात हे वेगळंच.

अगदी तान्ह्या आणि मेलेल्या जन्मलेल्या बाळांबद्दल पण लिहायला पाहिजे. आपल्यात बाळाला जाळत नाहीत, पुरतात, आणि बऱ्याचदा स्वतःच्या शेतातच. पुरणं हा गुन्हा नाही. बाळ झालंच नव्हतं असं दाखवायला गुपचूप विल्हेवाट लावणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ९४, २ वर्षांपर्यंत. मेलेलं बाळ जन्मलं तरी त्याची नोंद होते, आशाताईला किंवा दवाखान्यात सांगितलं की ती करायला मदत करतात. ज्या मुलीला बाळ सांभाळणं शक्यच नाही, लग्नाआधीचं असेल, नवऱ्यानं टाकलं असेल, तिच्यासाठी बालन्याय कायद्याच्या कलम ३५ चा रस्ता उघडा आहे, बालकल्याण समितीपुढं जाऊन बाळ रीतसर सोपवता येतं, आणि विचार बदलायला २ महिने मिळतात. हे तिला कुणी सांगत नाही. मग बाळ देवळाच्या पायरीवर नाहीतर झुडपात, आणि तिच्यावर न्याय संहितेचं कलम ९३, १२ वर्षांखालचं मूल कायमचं टाकून देण्याचा गुन्हा, ७ वर्षांपर्यंत. कुणी म्हणेल, "बाळ आम्हाला दे, आम्हाला मूलबाळ नाही", तर तेही नको, प्रक्रिया सोडून दत्तक देणं-घेणं दोघांनाही ३ वर्षांपर्यंत कैदेत नेऊ शकतं, पैसे घेतले तर ती विक्री होते आणि शिक्षा आणखी वाढते.

हॉस्टेल, बालगृह, निवासी शाळा चालवणाऱ्यांनी एवढं तरी करावं. रात्री हजेरी घेताना एक पोर कमी निघालं तर आईबापाला फोन करून "तुमच्याकडं आलंय का" विचारणं ठीक आहे, पण उत्तर नाही आलं की त्याच रात्री पोलिसांना, आणि बालगृह असेल तर समितीला, लेखी. संस्थेचं नाव खराब होईल म्हणून सकाळची वाट बघितली जाते, आणि सकाळपर्यंत ते पोर कुठल्या राज्यात असेल सांगता येत नाही. बालगृहात मूल दगावलं तर आजारी होतं असं आपणच ठरवायचं नाही, पोलीस आणि समिती दोघांना कळवायचं, पंचनामा त्यांना करू द्यायचा.

घरात आज करून ठेवण्यासारखं थोडंच आहे. पोराचा गेल्या सहा महिन्यांतला एक फोटो, अंगावरची खूण, आधारचा नंबर, आणि मोबाईल वापरत असेल तर त्याचा आयएमईआय नंबर (प्रत्येक मोबाईलचा वेगळा असतो तो) वहीत लिहून ठेवा. दुसऱ्याचं पोर सांभाळत असाल तर आईबापाकडून चार ओळींचं सहीचं पत्र घ्या की मूल तुमच्याकडं शिकायला आहे. ते नसलं तरी तक्रार घ्यावीच लागते, पण रात्री साडेअकराला "तुम्ही कोण लागता" या प्रश्नात अर्धा तास जात नाही. आणि पोर आपलं आपण परत आलं, मावशीकडं गावलं, तर तेही स्टेशनला जाऊन सांगा. लोक आनंदात विसरतात आणि इकडं एफआयआर चालूच राहतो, पोलीस चार जिल्ह्यांत शोधत राहतात, आणि पोर का गेलं होतं, कुणी नेलं होतं, हे त्याला शांतपणे विचारणारं कुणी भेटत नाही.